सांध्यांचा कागद

"एका माणसाचं बुकिंग घेता का हो?"

काउंटरपलीकडच्या बाईंनी हे विचारताना आवाज इतका खाली आणला होता, की जणू त्या किराणा दुकानात उधारी मागत होत्या. 2024 चा पावसाळा होता. बाई भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हिशेब बघतात. वय चोपन्न. अंथरुणाला खिळलेल्या आईचं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्या वर्षी आई गेली आणि रविवार एकदम रिकामे झाले. त्यांना अजिंठ्याला जायचं होतं. शाळेच्या पुस्तकात चित्र पाहिलं होतं, एवढंच म्हणाल्या.

भाईंदर पश्चिमेला स्टेशनपासून पाच मिनिटांवर असलेल्या एका छोट्या टूर-बुकिंगच्या ऑफिसात मी वीस वर्षांहून जास्त काळ काम करते आहे. हा प्रश्न या काळात मी कितीतरी वेळा ऐकला. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी लग्न न केलेल्या, कुणाचे यजमान गेलेले, तर कुणाचे यजमान घरातच असतात पण त्यांना प्रवासाची आवड नसते. पहिली दहा-बारा वर्षं माझं उत्तर ठरलेलं असायचं: "कुणी सोबत बघा ना, म्हणजे रेट बसेल." यात खोटं काही नव्हतं. ग्रुप टूरचा दर एका खोलीत दोघं धरून काढलेला असतो. एकटं माणूस आलं की खोलीचा दुसरा अर्धा हिस्साही त्याच्याच माथी येतो, नाहीतर अनोळखी माणसाबरोबर खोली वाटून घ्यावी लागते. दर मी बरोबर सांगत होते. पण "सोबत बघा" ऐकून उठून गेलेल्या बायकांपैकी परत किती जणी आल्या, हे मी कधी मोजलं नाही. आज त्याचं वाईट वाटतं.

मराठी माणसाला समूहानं फिरायची सवय मोठ्या टूर कंपन्यांनी लावली, आणि ते काम मोलाचंच आहे. केसरी पाटील यांनी 1984 मध्ये कंपनी सुरू केली, पुढे वीणा पाटील यांनी 2013 मध्ये स्वतःची काढली, आणि फक्त बायकांसाठीच्या सहली हा तर आमच्या व्यवसायातला मोठा बदल ठरला. ज्या बाईनं विमान कधी पाहिलं नव्हतं ती सिंगापूरला जाऊन आली. पण या सहली बहुधा आठ-दहा दिवसांच्या आणि खर्च तसाच. माझ्या काउंटरवर येणाऱ्या बाईकडे असतो शनिवार, रविवार आणि जोडून मिळालेली एक किरकोळ रजा. तिला तीन दिवसांत, आपल्या पगारात, आपल्या मनासारखं काहीतरी बघून यायचं असतं. अशा प्रवासाचं पॅकेज सहसा कुणी विकत नाही. तो रेल्वे, एसटी आणि स्थानिक दर्शन बस यांचे तुकडे जोडूनच तयार करावा लागतो.

हे जोडणं मी आधी चुकून शिकले आणि मग करून. आधी चुकीचं सांगते.

2016 मध्ये एका निवृत्त शिक्षिकांना मी वेरूळ-अजिंठा लावून दिलं. रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा. रेल्वेची तिकिटं कन्फर्म, हॉटेल चांगलं, सगळं मला नीटनेटकं वाटत होतं. सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. त्या शंभर किलोमीटर एसटीनं जाऊन बंद पाटीसमोर उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. "अगं, पुढच्या बाईला नीट सांग हो," एवढंच म्हणाल्या. चूक पूर्णपणे माझी होती. त्या रात्री मी एका वहीत पहिलं वाक्य लिहिलं: आधी वार, मग तारीख.

माझे वडील सुतार होते. ते सांगायचे, खुर्ची लाकडात मोडत नाही, सांध्यात मोडते. लाकूड कितीही चांगलं असलं तरी खुंटी ढिली बसली की खुर्ची डुगडुगणारच. एकटीच्या प्रवासाचंही तसंच असतं, हे मला त्या फोननंतर हळूहळू कळत गेलं. गाडीत बसल्यावर बाई सुरक्षित असते, लेण्यांत फिरताना आनंदात असते. तिची फजिती होते ती एक सोडून दुसरं धरायच्या मधल्या तासाभरात. गाडी पहाटे पोचली आणि खोली दुपारी बाराला मिळणार, तर तोवर जायचं कुठे? दर्शन बस परतली तेव्हा गावाची शेवटची एसटी निघून गेली असेल तर? चारचौघं असली की एक जण सामानाजवळ थांबतो आणि दुसरा चौकशी करून येतो. एकटीला दोन्ही करता येत नाहीत, म्हणून तिची चौकशी घरूनच झालेली असायला हवी.

पण मी स्वतः तोवर एकटी कुठेही गेले नव्हते. लोकांचे सांधे मी खुर्चीत बसून जुळवत होते. 2023 च्या डिसेंबरात ठरवलं, की जिथे माझी चूक झाली तोच प्रवास स्वतः करायचा.

कागद घेऊन बसल्यावर पहिलीच गोष्ट नव्यानं दिसली. आमच्याकडची माणसं अजिंठ्याला जायचं म्हटलं की दादर किंवा कल्याण गाठायचं बघतात. संध्याकाळच्या गर्दीत बॅग घेऊन भाईंदरहून दादरला जायचं म्हणजे प्रवास सुरू होण्याआधीच दमायचं. पण आम्ही राहतो पश्चिम रेल्वेवर. हीच लाइन सुरतेहून तापीच्या काठानं नंदुरबार, अमळनेर करत जळगावला जाते, आणि जळगावहून अजिंठा साठ किलोमीटर. या मार्गाची खान्देश एक्सप्रेस बोरिवलीला थांबते. भाईंदरला लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या न थांबता धडधडत निघून जातात, म्हणून आपल्या गावाहून कुठे काही जात नाही असं वाटत राहतं. तीन स्टेशनांवरच्या बोरिवलीनं मला अजिंठ्याची वाट दिली. ती गाडी रोज नसते, त्यामुळे तिचा वार आणि लेण्यांचा वार जुळवावा लागला. रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ. सात वर्षांपूर्वीचा माझाच क्रम उलटा केला आणि दोन्ही दारं उघडी झाली.

दुसरा सांधा तारखेचा. बोरिवलीला मध्यरात्रीनंतर येणाऱ्या गाडीच्या तिकिटावर पुढच्या दिवसाची तारीख असते. रविवारची तारीख बघून माणूस रविवारी रात्री स्टेशनवर जातो, आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. आमच्या ऑफिसात हे रडगाणं दरवर्षी एकदा तरी येतं. मी वहीत लिहिलं: शनिवारी जेवून निघायचं.

तिसरा सांधा बर्थचा. इथे मात्र एकटं असण्याचा फायदा आहे आणि तो पुष्कळ जणींना माहीत नसतो. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांसाठी आणि साठीपुढच्या पुरुषांसाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, आणि तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हाच तो लागू होतो. स्लीपरमध्ये बायकांसाठी सहा बर्थचा कोटाही असतो, वय कितीही असो. मला खालचा बर्थ मिळाला. मुलगा बोरिवलीपर्यंत सोडायला आला. गाडी हलली तेव्हा छातीत धडधडत होतं. पालघर मागे गेल्यावर झोप लागली.

जळगावला दुपारच्या आत उतरले. स्टेशनबाहेर पोहे खाल्ले, एसटी स्टँड गाठलं आणि संभाजीनगरकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले. त्याच वर्षी 17 मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. बस भरून बायका होत्या. माहेरी निघालेल्या, बाजाराला निघालेल्या, दवाखान्याला निघालेल्या. एकटी चाललेली मी एकटीच नव्हते. शेजारच्या मावशींनी मला कुठे उतरायचं ते विचारून घेतलं, आणि कंडक्टरनं पुकारायच्या आधी त्यांनीच मला उठवलं. अजिंठ्याच्या टी-पॉइंटला खाजगी गाड्यासुद्धा थांबवतात. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर सगळ्यांनी एकाच बसनं जायचं. मोटार घेऊन आलेला आणि एसटीनं आलेली मी, एकाच रांगेत उभे होतो.

तिथेच मला समूहाचा नवा अर्थ कळला. वाटाड्या एकटीला परवडेना, म्हणून मी रांगेतल्या नाशिकच्या एका कुटुंबाला विचारलं, "गाइड वाटून घेऊ या का?" ते तयारच होते. दोन तासांसाठी आमचा एक समूह झाला. घोड्याच्या नालासारख्या त्या वळणावर, खाली वाघूर नदीचं पात्र, आणि पहिल्या लेण्यातला तो पद्मपाणी. मंद उजेडात डोळे सरावायला वेळ लागतो, आणि मग भिंतीतून तो चेहरा पुढे येतो. लेण्याच्या आत किती माणसं आणि किती वेळ, याला मर्यादा असते. सगळ्यांबरोबर बाहेर पडावं लागलं. पण शेवटाकडच्या सव्विसाव्या लेण्यात, आडव्या पहुडलेल्या बुद्धासमोर, मी नाशिकच्या मंडळींचा निरोप घेतला आणि मागे थांबले. किती वेळ, ते आठवत नाही. कुणी "चला" म्हणणारं नव्हतं. इतक्या वर्षांत शेकडो लोकांना मी प्रवासाला पाठवलं, पण "चला" नसलेली शांतता काय असते ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी टी-पॉइंटहून एसटीनं संभाजीनगर. तिथली खोली मी आधीच फोनवर पक्की केली होती, आणि फोनवर एक प्रश्न मुद्दाम स्पष्ट विचारला होता: "एकट्या बाईला खोली देता ना?" हा प्रश्न विचारावा लागतो याचा मला राग आहे. अनेक लॉजमध्ये आणि काही भक्तनिवासांतही एकट्या माणसाला, विशेषतः बाईला, रात्री दारातून परत पाठवतात. पैसे देणाऱ्या, ओळखपत्र दाखवणाऱ्या प्रौढ बाईला "सोबत कोण?" हा प्रश्न का? पण राग घरी धरावा आणि चौकशी निघण्याआधी करावी. रात्री नऊला अनोळखी गावात भांडायची वेळ कुणावर येऊ नये.

सोमवारी मी दर्शन बसची सीट घेतली. दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, असा तो एका दिवसाचा फेरा. एकटीला हे सगळं एसटीनं आणि रिक्षानं करायचं तर दोन दिवस लागतात आणि खर्चही जास्त होतो. अशा ठिकाणी समूहच बरा. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधाऱ्या वाटेत पुढे-मागे माणसं असल्याचा मला आधार वाटला. पण वेरूळला बसनं दिलेला वेळ कैलास लेण्यातच संपत होता. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत आणलेलं ते देऊळ. त्यासमोर घड्याळ बघत उभं राहवेना. शिवाय मला जैन लेण्यांकडे जायचं होतं. आमच्या इमारतीतल्या मारवाडी भाभी निघताना म्हणाल्या होत्या, "इंद्रसभा जरूर देखना." भाईंदर पश्चिमेला बावन्न जिनालयाच्या घंटा ऐकत मी इतकी वर्षं राहिले, आणि जैनांची लेणी न बघता परत कशी जाणार? ती लेणी, तिसापासून चौतिसापर्यंतची, उत्तरेच्या टोकाला आहेत, आणि आमची बस तिकडे जात नव्हती.

मी गाइडला स्पष्ट सांगितलं, "मी इथे थांबते. माझी वाट बघू नका." त्यांनी माझा नंबर आणि एका कागदावर सही घेतली. सकाळीच स्टँडवरच्या चौकशी खिडकीवर मी वेरूळहून परतायच्या एसटीच्या वेळा विचारून ठेवल्या होत्या, म्हणून भीती नव्हती. इंद्रसभेत वरच्या मजल्यावर, खांबांच्या सावलीत, मी तासभर बसले. छतावर जुन्या रंगांचे अवशेष होते. मकबरा राहिला, त्याची खंत नाही.

त्या तासात मला माझ्या कामाचं सूत्र सापडलं. एकटीनं प्रवास करायचा म्हणून सगळं एकटीनं रेटायची गरज नाही. कुठे समूहाच्या हाती स्वतःला द्यायचं आणि कुठे तो हात सोडायचा, हे आपण ठरवायचं. दर्शन बस हे साधन आहे. ती दिवसभराची असली तरी अर्ध्यात उतरता येतं, मात्र सांगून उतरायचं आणि परतीची सोय आधी विचारलेली असायची.

रात्री देवगिरी एक्सप्रेस धरली. पहाटे सगळे दादरच्या तयारीत असताना मी ठाण्याला उतरले. तिथून घोडबंदर रस्त्यानं भाईंदरकडे येणारी बस मिळते. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाडी, आणि गायमुखाला सूर्य वर येताना दिसला. सकाळच्या विरार-चर्चगेट गर्दीला हातही न लावता मी घरी पोचले, आणि अकराला ऑफिसात काउंटरवर होते.

तेव्हापासून मी प्रत्येक एकट्या प्रवाशाला एक कागद देते. त्यावर ठिकाणांची वर्णनं नसतात, फक्त सांधे असतात. लेण्यांची किंवा संग्रहालयाची सुटी कुठल्या वारी. गाडी उजेडात पोचते की अंधारात. अंधारात पोचत असेल तर स्टेशनचं विश्रामगृह तिकिटाच्या पीएनआरवर आधी घेऊन ठेवायचं. पहिल्या रात्रीची खोली आणि फोनवर बोललेल्या माणसाचं नाव. दर्शन बस कुठून सुटते, कुठे किती वेळ थांबते, खरेदीला किती वेळ जातो, मधे उतरता येतं का. शेवटची एसटी किती वाजता आणि ती चुकली तर काय. खोली अनोळखी बाईबरोबर वाटून घ्यायची असेल तर निघण्याआधी दोघींनी फोनवर एकदा बोलून घ्यायचं. घरच्या एका माणसाकडे या कागदाची प्रत. आणि रेल्वेत काहीही अडलं तर 139.

ज्यांना थेट तीन दिवस जायची छाती होत नाही त्यांना मी आधी रंगीत तालीम करायला लावते. 2024 च्या फेब्रुवारीत भाईंदर-वसई रो-रो सुरू झाली आणि माझं काम सोपं झालं. भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून खाडी ओलांडून पंधरा-वीस मिनिटांत वसईच्या किल्ल्याजवळ. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला तो किल्ला निवांत बघायचा, आणि परत बसनं किंवा शेअर रिक्षानं वसई रोड स्टेशन आणि लोकलनं घरी. अर्ध्या दिवसात होडी, पायी फिरणं, बस आणि रेल्वे. चार टप्पे, तीन सांधे. दुसरी तालीम कान्हेरीची, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून, सोमवार सोडून. मग जरा लांब जायचं तर अहमदाबाद: बोरिवलीहून रात्रीची गाडी, आणि सकाळी आठला काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघणारा, जामा मशिदीपाशी संपणारा हेरिटेज वॉक. महापालिकेनं तो 1997 मध्ये सुरू केला. पोळांच्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांच्या, गल्ल्यांत दोन-अडीच तास अनोळखी लोकांबरोबर चालायचं, आणि नंतरचा दिवस आपला. समूह एवढा छोटाही पुरतो.

कारखान्यातल्या बाईंना मी त्या पावसाळ्यात आधी वसईला पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. किल्ल्याबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. परतीची रो-रो केव्हा, हे जाताच विचारून घेतलं आणि तरी शेवटी लोकलनंच आले, हे मात्र दोनदा सांगितलं. त्यानंतर कान्हेरी. डिसेंबरात त्या अजिंठा-वेरूळ करून आल्या, माझ्याच मार्गानं. तिकिटं मी काढली, फोन सगळे त्यांनी केले.

परतल्यावर त्या ऑफिसात आल्या आणि घड्या पडलेला माझा कागद त्यांनी काउंटरवर उलगडला. समासात बॉलपेननं बारीक अक्षरात लिहिलं होतं: "टी-पॉइंटला रांगेत मागे-पुढे बघावे. एकटी आलेली बाई असतेच. मला दोन भेटल्या." हिशेबाच्या वहीत असतं तसं सरळ, काना-मात्रा सांभाळलेलं अक्षर. त्यांनी विचारलं, "हे चालेल ना लिहिलेलं? खोडू का?"

मी तो कागद तसाच झेरॉक्सला नेला. आता काउंटरवर कुणी एकटी बाई येते तेव्हा तिला तीच प्रत मिळते, समासातल्या त्या अक्षरासकट.